गाठीचा सातबारा

दोन वर्षांपूर्वी, तूर सोंगणीच्या दिवसांत, शेजारच्या वहिनी एक फाईल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हाताला, कोपराच्या जरा खाली, गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग लगतच्या गावातल्या एकाकडून दोन महिने चोळून घेतली. ती लिंबाएवढी झाली तेव्हा नागपूर गाठलं. तिथं तुकडा काढून तपासला आणि पाच पानांचा रिपोर्ट हातात आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे गावात इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतोच, मग तो पीक विम्याचा असो की दवाखान्याचा.

रिपोर्टमधल्या एका ओळीभोवती डॉक्टरांनी पेनानं गोल केला होता. वहिनींनी त्यावर बोट ठेवलं. "मास्तर, ह्याच्यात जीन का काय लिवलं हाय म्हणे. म्हंजे पोराले हे माह्याकडूनच आलं का जी?"

आजार किती मोठा, वाचेल की नाही, हे त्यांनी आधी विचारलं नाही. घरात सासूबाई म्हणाल्या होत्या की आमच्या घराण्यात असं कोणालाच नाही. तेव्हापासून त्या बाईला झोप नव्हती.

उत्तर ‘नाही’ असं होतं. पण ते का नाही, हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. पुढे वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. ते इथं लिहून ठेवतो.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक दप्तर असतं, तलाठ्याकडे असतं तसं. त्यात ४६ रजिस्टरं, म्हणजे गुणसूत्रं. त्यांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक रजिस्टर आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. रजिस्टरातल्या ज्या पानांवर एखादं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं, ती जनुकं. अशी पानं सुमारे २० हजार. पेशीचे दोन भाग होताना आख्ख्या दप्तराची नक्कल निघते, आणि वाढत्या लेकराच्या अंगात हे काम रात्रंदिवस चालू असतं. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, काही राहून जातात, आणि राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी काही बिघडत नाही.

सातबाऱ्यावर नोंद बदलली की आपण त्याला फेरफार म्हणतो. जनुकातल्या बदलालाही तोच शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो. मात्र फेरफार कुठे झाला, हे बघावं लागतं. तो मूळ दप्तरातच असेल, तर आईबापाकडून लेकराच्या प्रत्येक पेशीत उतरतो आणि पुढच्या पिढीतही जाऊ शकतो. पण समजा मूळ दप्तर साफ आहे आणि कुठल्या तरी एकाच झेरॉक्सवर गडबड झाली. पुढच्या सगळ्या झेरॉक्स त्या खराब झेरॉक्सवरून निघत गेल्या. गाठ म्हणजे त्या खराब झेरॉक्सचा गठ्ठा. मुलाच्या रक्तात, डाव्या हातात, पायात, सगळीकडे दप्तर ठीकच आहे. वहिनींच्या हातातल्या रिपोर्टात गाठीचा सातबारा होता, घराण्याचा नव्हता.

आता गाठ कशाची, ते बघू. स्नायू, चरबी, स्नायूबंध, रक्तवाहिन्या अशा हाडांना धरून असलेल्या आणि अवयवांना जोडणाऱ्या भागांना डॉक्टर सॉफ्ट टिश्यू म्हणतात, आणि त्यांच्या कॅन्सरला सार्कोमा. लहान मुलांमधल्या अशा कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रॅब्डोमायोसार्कोमा. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ साधा: ज्या पेशी स्नायू व्हायला निघाल्या होत्या, पण झाल्या नाहीत, त्यांची गाठ. बाळ पोटात असताना स्नायूंच्या कोवळ्या पेशी आधी भराभर वाढतात आणि मग वाढ थांबवून पक्क्या स्नायूत बदलतात. या आजारात दुसरी पायरी येतच नाही. पेशी कोवळीच राहते आणि वाढत जाते, शेंगा न धरता नुसतं कायिक वाढणाऱ्या सोयाबीनसारखी.

मोठ्या माणसांच्या कॅन्सरपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. आमच्या भागात खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाचे कॅन्सर कमी नाहीत. वीस-वीस वर्षं तंबाखू-सुपारी गालात धरली की तिथल्या पेशींच्या दप्तरात शेकडो खाडाखोडी साचतात. लेकराच्या गाठीत खाडाखोड फार कमी असते. बऱ्याचदा एकच मोठी चूक सापडते, आणि ती कोणाच्या खाण्यापिण्यानं, गरोदरपणी ग्रहण पाहिल्यानं किंवा मुलगा पडला म्हणून होत नाही. (पडल्यामुळे गाठ लक्षात येते, एवढं मात्र खरं. बरेच आईबाप सांगतात की सायकलवरून पडला आणि तिथूनच सुरू झालं.)

या मुलाच्या गाठीतली चूक अशी होती. २ नंबरच्या रजिस्टरातलं एक पान आणि १३ नंबरच्या रजिस्टरातलं एक पान मधोमध फाटलं, आणि दोघांचे अर्धे-अर्धे तुकडे एकमेकांना चिकटले. २ नंबरवरच्या पानाचं नाव पॅक्स३, १३ नंबरवरच्याचं फॉक्सओ१. दोन्ही आपापल्या जागी कामाची. पॅक्स३ हे बाळाच्या वाढीतलं जनुक. स्नायूच्या कोवळ्या पेशींमध्ये कुठल्या पानांवर जायचं ते त्याच्या प्रथिनाला ठाऊक असतं. फॉक्सओ१ चं प्रथिन जिथं जाईल तिथलं काम जोरात सुरू करतं, पण पेशीच्या बाकीच्या यंत्रणेचं ऐकतं. बाहेर जा म्हटलं की गाभ्यातून, म्हणजे पेशीतल्या दप्तराच्या खोलीतून, बाहेर पडतं. चिकटलेल्या पानावरून बनणाऱ्या प्रथिनाला पत्ता पॅक्स३ चा मिळतो, जोर फॉक्सओ१ चा, आणि ‘बाहेर जा’ हा हुकूम त्याला लागू पडत नाही. ते गाभ्यात ठाण मांडून बसतं आणि स्नायूच्या पेशीला कोवळी ठेवणारी पानं वाचायला लावतं. हा सांधा नेमक्या कोणत्या दोन जनुकांचा आहे, हे १९९३ मध्ये उलगडलं. कधी पॅक्स३ च्या जागी १ नंबरच्या रजिस्टरातलं पॅक्स७ असतं.

प्रयोगशाळेला हे दिसतं कसं? मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग हाच. फॉक्सओ१ च्या एका बाजूला हिरवा चमकणारा ठिपका चिकटवतात, दुसऱ्या बाजूला लाल. पान शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकावर एक येतात आणि पिवळसर दिसतात. पान फाटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. या चाचणीला फिश म्हणतात. आठवीच्या वर्गात मी ती रंगीत खडूंनी फळ्यावर काढतो. पोरांना लगेच कळते, आणि नावामुळे हसूही येतं. फाटलेला तुकडा कोणाशी जोडला गेला, ते मात्र फिश सांगत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकावर भरवसा होता. फुफ्फुसातल्या वायुकोशांसारखी नक्षी दिसली की अल्व्हिओलर, म्हणजे जास्त आक्रमक. गर्भातल्या स्नायूसारखी दिसली की एम्ब्रियोनल, म्हणजे त्यामानानं सौम्य. पुढे लक्षात आलं की अल्व्हिओलर दिसणाऱ्या दर पाच गाठींपैकी साधारण एकीत हा सांधा नसतोच, आणि तशी गाठ वागते एम्ब्रियोनलसारखी. तोंडावरून ओळखण्यापेक्षा कागद बघितलेला बरा, असा हा प्रकार. त्यामुळे आता धोक्याचा गट ठरवताना आणि उपचार किती कडक ठेवायचे ते ठरवताना सांधा आहे की नाही हे बघतात. गोल केलेल्या त्या ओळीचं वजन एवढं होतं.

उपचार मात्र अजून जुन्याच औषधांवर उभे आहेत, आणि त्यातलं एक आपल्या अंगणातलं आहे. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून मिळतं. अमेरिकेत त्याला १९६३ मध्ये मान्यता मिळाली. दुसरं, ॲक्टिनोमायसिन, मातीतल्या जिवाणूपासून आलं. तिसरं सायक्लोफॉस्फामाइड, किंवा युरोपातल्या पद्धतीत त्याचा भाऊ आयफॉस्फामाइड. जोडीला ऑपरेशन आणि रेडिएशन, ज्याला वॉर्डातले लोक शेक म्हणतात. इथं एक सांगायलाच हवं, कारण हे ऐकून आमच्याच गावात कोणीतरी सदाफुलीची पानं उकळायला घेतली होती: शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, ते फक्त शिरेतून द्यायचं असतं, आणि पानांच्या काढ्यात बाकीचं विषच जास्त. तसलं काही करू नका.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांनी या एका आजारासाठी गट करून एकत्र अभ्यास सुरू केला. तेव्हा चारातलं एखादं मूल वाचायचं. आज तिकडे, आजार पसरलेला नसेल तर, चारातली तीन किंवा त्याच्या आसपास वाचतात. औषधं बहुतेक तीच. ती कोणाला, किती, कधी द्यायची हे शिकत शिकत हा पल्ला गाठला. २०१९ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. जास्त धोक्याच्या गटातल्या, पण आजार शरीरभर न पसरलेल्या मुलांना नेहमीचे उपचार संपल्यावर आणखी सहा महिने हलक्या मात्रेत दोन औषधं दिली. त्यातलं एक, व्हिनोरेल्बीन, पुन्हा सदाफुलीच्याच कुळातलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. जनुकाचं नवं औषध नाही, यंत्र नाही. निंदण झाल्यावर पंधरा दिवसांनी परत एक डवरा फिरवावा, तसं. आजार आधीच फुफ्फुसात किंवा हाडांत पसरला असेल तर चित्र फार वेगळं आहे, आणि तिथंच नव्या संशोधनाची सगळ्यात जास्त गरज आहे.

मग ज्या जनुकाचं नाव कळलं, त्याच्यावरच औषध का नाही? वहिनींच्या दिरानं हाच प्रश्न विचारला होता. त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, म्हणून त्याला त्याच्या भाषेत सांगितलं.

शेतातल्या मोटरीला स्टार्टर असतो. लाईन आली तरी कोणी बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पण रात्री तीनला उठून कोण जाईल, म्हणून आपण ऑटो बसवतो. लाईन आली की मोटर आपोआप चालू. पेशीतली काही प्रथिनं अशा मोटरीसारखी आहेत. एनटीआरके जनुकांची प्रथिनं त्यांपैकी एक. बाहेरून निरोप आला की दोन प्रथिनं जवळ येतात आणि काम सुरू होतं. तान्ह्या बाळांमध्ये होणाऱ्या इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा नावाच्या गाठीत १२ आणि १५ नंबरच्या रजिस्टरांची पानं जुळतात, आणि एनटीआरके३ ला ईटीव्ही६ चा तुकडा लागतो. त्या तुकड्याला स्वतःसारख्याच तुकड्याला चिकटून बसायची खोड आहे. निरोप नको, बटण नको. ऑटो बसला. हा सांधा १९९८ मध्ये सापडला.

अशा मोटरीत ऊर्जा घेण्याची एक ठरलेली खाच असते. त्या खाचेत नेमका बसणारा रेणू बनवला की फ्यूज काढल्यासारखं होतं. लॅरोट्रेक्टिनिब हे ते औषध. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निकालात ४ महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या माणसापर्यंत ५५ रुग्ण होते, १७ वेगवेगळ्या प्रकारच्या गाठींचे. चारातल्या तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ती गाठ कुठल्या अवयवात आहे हे न बघता, सांधा आहे का एवढंच बघून. बाळांसाठी ते पातळ औषधाच्या रूपातही मिळतं. हात-पाय कापावा लागण्याची वेळ आलेल्या काही बाळांचे अवयव त्यामुळे वाचले. आपल्याकडे त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्यापलीकडची आहे. पण या गाठीतल्या बऱ्याच बाळांना जुनं व्हिन्क्रिस्टीन आणि ॲक्टिनोमायसिनही लागू पडतं, हे निराश होण्याआधी ध्यानात ठेवावं.

पॅक्स३-फॉक्सओ१ मोटर नाही. ते गाभ्यात बसून कुठली पानं वाचायची ते सांगणारं प्रथिन आहे, आणि त्याच्या अंगावर औषध अडकवायला अशी खोल खाचच नाही. दीर म्हणाला, "म्हंजे फ्यूजच नाही त्याले." बरोबर ओळखलं त्यानं.

मग संशोधक दुसऱ्या वाटेनं निघाले. डीपीवर फॉल्ट असला की लाईनमन काय करतो? एकेक फ्यूज काढतो आणि कुठला काढल्यावर काय बंद पडतं ते बघतो. क्रिस्पर नावाच्या तंत्रानं गाठीच्या पेशीतलं एकेक जनुक असंच बंद करून बघता येतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेनं असं करताना एनएफ-वाय नावाचं प्रथिन शोधलं. ते बंद केलं की पॅक्स३-फॉक्सओ१ चा पुरवठाच आटतो, आणि प्रयोगशाळेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी वाढणं सोडून लांबट होतात, स्नायूसारख्या दिसायला लागतात. अडकून पडलेली दुसरी पायरी त्या चढल्या. पेशी मारायची नाही, तिला मोठं होऊ द्यायचं, हा विचार मला फार आवडतो. पण बशीतून बाळाच्या अंगापर्यंतचा रस्ता लांब आहे. एनएफ-वाय निरोगी पेशींनाही लागतं. व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सरच्या पेशीचा स्नायू झाला’ असा फोटो फिरत आला, तर तो खरा आहे, फक्त अजून औषध झालेला नाही.

एनटीआरकेसारखा औषधाला फशी पडणारा सांधा मिळाला तरी काम संपत नाही, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा वाटलं, आता फवारणी सुटली. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी उभीच्या उभी रिकामी केली. लाखो अळ्यांतली एखादी आधीच वेगळी असते. बाकीच्या मेल्या की मैदान तिचं. गाठीतही तेच होतं. औषधाच्या खाचेत बारीकसा फेरफार असलेली एखादी पेशी शिल्लक राहते, औषध तिथं बसत नाही, आणि गाठ परत येते. म्हणून बदललेल्या खाचेत बसणारी पुढची औषधं तपासली जात आहेत, आणि एकापेक्षा जास्त बाजूंनी एकाच वेळी घेरायचे प्रयत्न चालू आहेत. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून परत सोडण्याचेही. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कामातून उभी राहिलेली अशी एक भारतीय उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. घट्ट गाठीच्या आत शिरणं त्या पेशींना अजून जड जातं.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे परत, कारण तो पूर्ण संपलेला नाही. मूळ दप्तरातच फेरफार असलेली मुलंही असतात. रॅब्डोमायोसार्कोमा झालेल्या मुलांच्या एका मोठ्या अमेरिकी तपासणीत असा जन्मजात फेरफार शंभरातल्या सुमारे सात मुलांत सापडला, आणि तो एम्ब्रियोनल प्रकारात जास्त. गंमत म्हणजे, या कुळकथेचा शोधच या आजारातून लागला. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या दोन डॉक्टरांनी अशा लेकरांच्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा चार घराण्यांत लेकराला सार्कोमा आणि तरुण आईला किंवा इतर नात्यात स्तनाचा कॅन्सर अशा जोड्या दिसल्या. त्यामागचं टीपी५३ हे जनुक १९९० मध्ये कळलं. म्हणून कुटुंबात चाळिशीच्या आत कोणाला कॅन्सर झाला असेल, किंवा एकाच मुलाला दोनदा, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. त्याची तपासणी गाठीतून होत नाही, रक्तातून वेगळी होते. आणि तसं काही निघालंच, तरी ती कोणाची चूक ठरत नाही. धाकट्या भावंडांवर वेळीच लक्ष ठेवता येतं, एवढा त्याचा उपयोग.

थोडं व्यवहाराचं. न दुखता वाढत जाणारी गाठ, एक डोळा पुढे येणं, लघवीतून रक्त किंवा लघवी अडणं, एकाच नाकपुडीतून वा कानातून महिनोन् महिने येणारा स्राव, यातलं काही असलं तर चोळू नका, घरी गरम फडक्यानं शेकू नका, आणि तालुक्याला ‘लगेच कापून टाकतो’ म्हणणाऱ्याकडून कापूनही घेऊ नका. आधी सुईनं तुकडा, मग निर्णय. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. मुंबईला जायची वेळ आली तर रेल्वेत स्लीपरला रुग्णाचं भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

आणि मेणाचा ठोकळा. तपासलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पुढची प्रत्येक जनुक चाचणी त्याच्यावरच होते, म्हणून दवाखाना बदलताना रिपोर्टबरोबर ब्लॉकही मागून घ्या. मे महिन्यात यवतमाळहून नागपूरला जाताना तो गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. आपल्याकडचं ऊन आणि मेण यांचं जमत नाही. वहिनींनी तो चुन्याच्या रिकाम्या डबीत, ओल्या फडक्यात गुंडाळून नेला होता. डॉक्टर हसले म्हणे, पण ठोकळा शाबूत होता.

त्या दिवशी ओट्यावर मी झेरॉक्सचं सांगून झाल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग फाईल पिशवीत घालत म्हणाल्या, "झेरॉक्सचंच सांगतो मंग सासूबाईले."

मुलाचं ऑपरेशन झालं, शेक झाला, हलक्या मात्रेची औषधंही संपली. उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नाही, म्हणून तो डाव्यानं लिहायला शिकतोय आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं येतंय. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. या खेपेची तारीख नेमकी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आली होती. लाकडी बैल रंगवून तयार असल्यानं त्यानं आईकडून डॉक्टरांना फोन करायला लावला आणि ती चार दिवस पुढे ढकलून घेतली.